मासं भ्यायचं इसरलंय

यंदा मे महिन्यात गावी गेले तेव्हा आबांनी मुद्दाम बंधाऱ्यावर बोलावून घेतलं. आबा म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत, पण आमच्या आळीत ते सगळ्यांचेच आबा, सत्तरी ओलांडली तरी पंचगंगेत जाळं टाकायचं काही सुटलेलं नाही. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर, इचलकरंजी सगळं पार करून नदी आमच्याकडं येते आणि मग पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळं वरच्यांनी जे जे सोडलं ते ते आमच्या बंधाऱ्याला येऊन तटतं. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी हिरवट काळं, कडेला जलपर्णी, उन्हानं उठलेला वास. आबा म्हणाले, "पोरी, त्या पायरीवर जा आन् हात बुडीव."

मी पायरीवर उकिडवी बसले. पायरीच्या सावलीत बोटाएवढी दहा-बारा मासोळी होती. माझी सावली त्यांच्यावर पडली, हात पाण्यात गेला, आणि ती तिथंच राहिली. नुसती थोडी सरकली, एखादं म्हातारं माणूस एसटीच्या बाकावर दुसऱ्याला जागा द्यायला सरकतं ना तशी. आबांनी वरनं खडा टाकला. दोन मासोळ्या वळल्या, बाकीच्या तशाच. "बगितलंस?" आबा म्हणाले, "मासं भ्यायचं इसरलंय. आदी नुस्ती सावली पडली तरी सुळकन जायाची, हाताला लागायची न्हाईत. आता खंड्याची चैन झालीया."

मी झूलॉजीची एम.एस्सी., गेली पंधरा वर्षं कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, आणि खरं सांगते, एवढं नेमकं वाक्य मी कुठल्या रिसर्च पेपरात वाचलेलं नाही.

नदीत मासे मेले की बातमी येते. दर उन्हाळ्यात येते, तेरवाड म्हणा शिरोळ म्हणा, बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच, नाकाला रुमाल लावलेली माणसं, मग पंचनामा, पाण्याचे नमुने, मग पाऊस येतो आणि सगळं वाहून जातं. आता हे मासे बहुतेक वेळा गुदमरून मेलेले असतात, म्हणजे सांडपाणी, मळी असलं काही पाण्यात आलं की ते कुजवायला जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि पहाटे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमिट करायला लागतात. हे गावातल्या शेंबड्या पोराला पण ओळखता येतं. मरळ तेवढी तगते कारण ती वरची हवा घेऊ शकते. पण आबा म्हणतात ते वेगळंच आहे. ही मासोळी मेलेली नव्हती, गुदमरतही नव्हती, पोहत होती, खात पण असेल. पंचनाम्यात लिहायचं झालं तर काय लिहिणार, मासे जिवंत आहेत, एवढंच.

आणि 'जिवंत' हाच शब्द मी स्वतः लिहिलेला आहे, तेच सांगायचंय.

एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट होता कीटकनाशकाची माशांवरची एलसी ५० काढायचा. एलसी ५० म्हणजे ठरावीक वेळात, बहुतेक ९६ तासांत, निम्मे मासे मरतील एवढं विषाचं प्रमाण. काचेच्या टाक्या, प्रत्येकीत दहा दहा मासे, प्रत्येकीत औषध थोडं थोडं वाढवत नेलेलं आणि एक टाकी साध्या पाण्याची, कंट्रोल. मी स्टॉपवॉच घेऊन कल्ल्याचं झाकण मिनिटाला किती वेळा उघडतं ते मोजायचे आणि किती मेले ते लिहायचे. रात्री लॅबमधे एकटी असले की एअर पंपाचा तो एकसुरी आवाज, आणि टाकीत मासा गरगर फिरायला लागायचा, मळसूत्रासारखा, मधेच झटका येऊन काचेवर आपटायचा, अंगाला बुळबुळीत थर सुटायचा, रंग उतरायचा, पाठ वाकायची.

तिसऱ्या टाकीतला एक मासा मला अजून दिसतो. ९६ तास संपले तेव्हा तो मेला नव्हता. तळाशी कलंडून पडला होता, मधूनच सरळ व्हायचा, परत कलंडायचा. मी खाद्य टाकलं, दाणा सावकाश खाली येत येत बरोबर त्याच्या तोंडापुढं पडला, आणि त्यानं खाल्ला नाही. नाकासमोर दाणा आणि त्याला पत्ताच नाही. मी टाकीला टिचकी मारली, तो हलला. हलला म्हणजे जिवंत. मी वहीत त्याच्या नावानं 'जिवंत' अशी टिक केली आणि टाकी रिकामी केली. प्रोजेक्टमधे मरणाऱ्यांवर वीस पानं आणि असल्या माशांवर एक ओळ, 'वर्तनात विकृती दिसून आली.' सर म्हणाले पुरे तेवढं. मलाही तेव्हा पुरे वाटलं.

आता त्या माशाला काय झालं होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की मग आबांची मासोळी पण कळते.

शेतात मोटरचा स्टार्टर असतो ना, हिरवं बटण दाबलं की चालू, तांबडं दाबलं की बंद. मज्जातंतूनं स्नायूला हुकूम द्यायचा झाला की तो असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतो, हे झालं हिरवं बटण. काम झालं की असिटिलकोलीनएस्टरेज नावाचं एंझाइम ते रसायन तोडून टाकतं, हे तांबडं. क्लोरोपायरीफॉस, मॅलेथिऑन, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं त्या एंझाइमला जाऊन चिकटतात, म्हणजे तांबडं बटणच काढून नेतात. मोटर चालूच राहते, चालूच राहते, आणि शेवटी कॉइल जळते. माशाला आधी झटके येतात, मग तो लुळा पडतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड, त्यांचं तंत्र वेगळं, मज्जातंतूवर सोडियम आत यायच्या ज्या बारीक मोऱ्या असतात त्या एकदा उघडल्या की लवकर मिटूच देत नाहीत. ही आपल्या शरीरात बऱ्यापैकी लवकर तुटतात म्हणून घराघरात डासांना वापरतात, पण माशाच्या शरीरात सावकाश तुटतात आणि मासा त्यांच्यापुढं टिकत नाही. एन्डोसल्फान मेंदूचा ब्रेकच काढायचं, २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं, पण त्याआधी आमच्या गोठ्याच्या माळ्यावर त्याचे डबे मी स्वतः बघितलेत.

हे सगळं मरणाचं झालं. खरा घात होतो त्याच्या कितीतरी आधी, आणि तो होतो माशाच्या नाकात.

माशाला नाक असतं हे पोरांना सांगितलं की पोरं हसतात. पण असतं, डोळ्यांच्या पुढं बारीक भोकं, पाणी एकीकडनं आत जातं आणि दुसरीकडनं बाहेर. ते श्वासासाठी नाही, फक्त वासासाठी. आणि त्या नाकातले तंतू थेट पाण्यात उघडे असतात, पाण्यात जे आहे ते त्यांना थेट लागतं आणि तिथनं मज्जातंतू सरळ मेंदूत जातो. गढूळ पाण्यात राहणाऱ्या जिवाचं निम्मं जग वासाचंच असतं, खाणं कुठाय, जोडीदार कुठाय, आपला थवा कुठाय, शत्रू कुठाय.

शत्रूचं तर फार सुंदर आहे. कार्ल फॉन फ्रिश म्हणून शास्त्रज्ञ होते, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे, १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी १९३८ साली मिनो नावाच्या छोट्या माशांत बघितलं की एका माशाची कातडी फाटली की बाकीचे घाबरून एकत्र येतात, लपतात. कातडीतनं एक रसायन पाण्यात सुटतं आणि त्याचा वास म्हणजे बाकीच्यांना हाक, पळा. म्हणजे खंड्यानं एकाला टिपलं की त्याच्या जखमेतनं दुसऱ्यांना निरोप जातो. रोहू, कटला, मृगळ आणि आपल्या नदीतली बारीक मासोळी, ही बरीचशी त्याच मिनोच्या कुळातली. मी हे वर्गात शिकवते तेव्हा दरवर्षी माझा आवाज थोडा हलतो, मरता मरता दुसऱ्याला सांगून जायचं, निसर्गानं किती खोल विचार केलाय.

तर हा निरोप पोचण्यासाठी नाक शाबूत पाहिजे.

अमेरिकेत २००० साली चिनूक सालमन माशांवर काम झालं. डायझिनॉन, हे पण ऑर्गॅनोफॉस्फेटच, लिटरला फक्त १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मासे मेले नाहीत, पोहत होते, पण धोक्याचा वास सोडला तर आधी जसे थांबायचे, खाणं सोडायचे, तसं करेनात. प्रमाण १० मायक्रोग्रॅमला नेलं तर समुद्रातनं आपल्या जन्माच्या ओढ्याला परत येण्याचं त्यांचं काम पण बिघडलं. क्लोरोपायरीफॉसचं कोहो सालमनच्या पिल्लांवर बघितलं, अडीच मायक्रोग्रॅमच्या आतच मेंदूतलं ते तांबडं बटण जेवढं कमी झालं तेवढं पिल्लांचं पोहणं आणि खाणं कमी झालं.

अडीच मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते मी आमच्या आप्पांना हिशोब करून सांगितलं होतं. बाजारात क्लोरोपायरीफॉस बहुतेक २० टक्क्यांचं मिळतं. बाटलीचं एक टोपण, १० मिली धरा, त्यात २ ग्रॅम खरं औषध. ते २ ग्रॅम ८ लाख लिटर पाण्याला पुरतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दुधाचे ऐंशी टँकर उभे करायचे आणि सगळ्यात मिळून एक टोपण. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् आपण पंप वड्यात धुतो."

धुतो. मी पण धुतलाय. आठवी-नववीत असताना आप्पा वांग्यावर, टोमॅटोवर औषध मारून आले की पंप ओढ्यावर नेऊन खंगाळायचं काम माझं. औषध पाण्यात पडलं की दुधासारखा पांढरा ढग होतो, तो पाण्यात पसरत जाताना बघायला मला आवडायचं, आणि बारीक मासोळी त्या ढगाकडं काय आहे बघायला यायची. यायची, मी बघत बसायचे. पुढं त्यांचं काय झालं ते बघायला मी कधी थांबले नाही.

आमच्याकडं त्याला औषधच म्हणतात. औषध मारलं, औषध आणलं. आणि औषध घेतलं म्हटलं की अख्खा गाव धावतो, कारण त्याचा अर्थ दुसराच असतो. सहा वर्षांपूर्वी मार्चच्या उन्हात आप्पा वांग्यावर फवारून दुपारी घरी आले ते घामानं थबथबलेले, तोंडाला लाळ, बोलताना जीभ जड, दंडाचा स्नायू आपोआप उडतोय. आम्ही त्यांना कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "प्यालेत का?" मी म्हटलं नाही, फवारलंय. आणि उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली, तोंड कोरडं पडेपर्यंत, लाळ थांबेपर्यंत, परत परत. मी कॉटशेजारी बसून त्यांचा दंड बघत होते. कातडीखाली किडा चालल्यासारखं ते थरथरणं. मला ते पाठ होतं. काचेच्या टाकीत बघितलेलं होतं, स्टॉपवॉच लावून. तेच एंझाइम, तेच तांबडं बटण, माशात आणि आप्पांत फरक एवढाच की आप्पांना कुणीतरी दवाखान्यात आणलं. २०१७ ला यवतमाळकडं फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर गेले, ती बातमी मी तेव्हा बातमीसारखी वाचली होती. त्या दिवशी कॉटशेजारी परत आठवली.

आप्पा वाचले. महिनाभर हातपाय गळल्यासारखे होते, कारण निकामी झालेलं एंझाइम शरीराला नव्यानं बनवावं लागतं. माशाच्या मेंदूत पण ते भरून यायला काही आठवडे जातात, पण तेवढे आठवडे चांगलं पाणी त्याला मिळायला पाहिजे ना. एका शेतकऱ्यानं आज मारलं, दुसऱ्यानं परवा, उसाला हुमणी लागली, खोडकिडा लागला, मग वळवाचा एक जोराचा पाऊस आला की सगळ्या रानातलं ओढ्यात आणि ओढ्यातनं नदीत.

आता धातूंचं. कोल्हापूर म्हणजे फौंड्री, हुपरीला चांदी, इचलकरंजीला कापड, सगळ्यांच्या हाताला काम देणारे धंदे, त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ उचलत नाही, माझे दोन मामेभाऊ त्यावरच जगतात. पण मुलामा, रंग, धातूचं काम जिथं आहे तिथं तांबं, निकेल, क्रोमियम असलं काही ना काही पाण्यात जायचा धोका असतो. आणि तांबं तर शेतातनं पण येतं, द्राक्षाला बोर्डो मारतात म्हणजे मोरचूद, तांब्याचाच क्षार, आणि चुनाच की. तांबं माशाच्या नाकाचं वैरी. कोहोची पिल्लं तीन तास लिटरला २ ते २० मायक्रोग्रॅम तांब्यात ठेवली तर धोक्याच्या वासाला त्यांचा प्रतिसाद कमी कमी होत गेला. मग तसली पिल्लं आणि त्यांना खाणारा ट्राउट एकत्र सोडले, तर तांबं लागलेली पिल्लं लवकर सापडली, कारण ती थांबायचंच विसरली होती, हलत राहिली. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, पाण्याची हालचाल जाणवायची, त्यातल्या केसाळ पेशी पण तांब्यानं मरतात. म्हणजे वास नाही आणि पाण्याचा धक्का पण नीट कळत नाही. आबा खडा टाकतात आणि दहातले दोनच वळतात, ते मला इथं आठवलं. आमच्या पायरीखालच्या पाण्यात काय किती आहे ते मी मोजलेलं नाही, म्हणून तांब्यानंच झालं असं मी म्हणणार नाही, पण दिसलं ते हेच.

कॅडमियम अजून चिवट. रेनबो ट्राउटवर बघितलंय, लिटरला २ मायक्रोग्रॅम, सात दिवस, आणि धोक्याच्या वासाला ट्राउट काहीच करेना. ते नाकात शिरून वासाच्या तंतूत साठत जातं. पारा तर मेंदूतच जातो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचा मिथाइल मर्क्युरी करतात, आणि तो मेंदूच्या राखणदारालाच फसवतो, शरीराला लागणाऱ्या अमिनो आम्लाचं सोंग घेऊन आत जातो. जपानात मिनामाताला १९५६ साली माणसांचा आजार नोंदला गेला, त्याच्या आधी तिथली मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी फिरून मरत होती, लोक म्हणायचे मांजरं नाचतात. मांजरांनी मासे खाल्ले होते. म्हणजे आधी मासा, मग मांजर, मग माणूस.

न्यू जर्सीत पायल्स क्रीक म्हणून घाण झालेली खाडी आहे, तिथल्या किलीफिश नावाच्या छोट्या माशांवर बरीच वर्षं काम झालंय. ते मासे सुस्त, भक्ष्य पकडायला कमी, स्वतः पकडले जायला सोपे, आणि पोट उघडलं तर त्यात गाळ आणि कुजका कचरा, कारण पळणारं काही धरता येत नाही म्हणून जे पडलंय ते खायचं. चांगल्या पाण्यातले मासे तिथल्यासारख्या परिस्थितीत ठेवले तर ते पण काही आठवड्यांत तसेच. मी हे वाचलं तेव्हा मला तिसऱ्या टाकीतला तो मासा आठवला आणि रात्रभर झोप लागली नाही.

वहीत टिक करताना मी त्याला काय विचारलं? हललास का. एवढंच. दाणा का खाल्ला नाहीस, हे विचारलंच नाही. एलसी ५० काढायलाच पाहिजे, त्याशिवाय कुठलं औषध माशांना किती विषारी ते तरी कशावरनं ठरणार, पण मेलेले मोजायची सवय लागली की जिवंत दिसणारं सगळं चांगलंच वाटायला लागतं. आबांनी नदीतलं बघायला कधी मोजपट्टी लावली नाही. त्यांनी पन्नास वर्षं मासे पळताना बघितलेत, म्हणून न पळणारे त्यांना दिसले.

आप्पा आता पंप रानातच धुतात, ते पाणी बांधाच्या आत पिकाच्या सरीतच ओततात, आणि शेजारच्या दोघांना पण तसं करायला लावलंय. बरं होऊन आले तेव्हापासनं.

परवा रविवारी भाच्याला घेऊन मी तुळशीच्या वरच्या अंगाला गेले होते, धामोडकडं. पंचगंगा होते ती कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या सगळ्या मिळून, चिखलीच्या प्रयागला एकत्र येऊन, पण वर असताना तुळशी म्हणजे नुसती एक ओढाळ पोर, दगडातनं खळाळत येणारी. एका डोहाशी वाकले. पाणी स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते, आणि गोट्यांवर बोटाएवढी मासोळी, उन्हात चांदीची. मी अजून हात पुढं केला पण नव्हता, नुसती सावली सरकली, आणि डोह रिकामा. भाचा म्हणाला, "आत्या, गेली कुठं?"

तिथनंच आबांना फोन लावला. रेंज येत जात होती. सांगितलं, आबा, धामोडजवळ आलोय, मासोळी बघायला. पलीकडनं आधी नुसता खोकला, मग म्हणाले,

"पळाली का?"

"पळाली आबा. सावली पडायच्या आत."

बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग हळू आवाजात विचारलं, "पाणी कसं हाय गं तिकडं?"